सांबर, मॅग्नम आणि कमलाबाईंची अट

परदेशातल्या पॉइंट कुक या उपनगरातल्या मराठी मंडळींत एकाने सात सीटर गाडी घेतली की थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या ड्राइव्हवेत तीच उभी दिसते. त्यांच्यातल्या शिकारीच्या ग्रुपचंही तसंच झालं. यतिनने ढीगभर रिव्ह्यू वाचून थ्री हंड्रेड मॅग्नम रायफल घेतली आणि बाकीच्यांनी डोळे मिटून तीच उचलली. एकट्या प्रतीक्षाने ऐकलं नाही. तिने साधी, कमी धक्क्याची थ्री-ओ-एट रायफल घेतली आणि तिच्यात जड, जरा सावकाश जाणारी गोळी घालायची ठरवली.

"अगं, सांबर आहे ते, ससा नाही," यतिन म्हणाला.

"मॅग्नमच्या धक्क्याला मी आधीच दचकते, मग नेम कसला लागणार? आणि जड गोळी आरपार जाते. दोन्हीकडून रक्त सांडतं, माग काढता येतो. तुझी हलकी गोळी खांद्याच्या हाडावर आतच फुटली तर?"

"नो वरीज, मेट. माझं जनावर जागेवरच पडणार."

प्रतीक्षा मूळची नागपूरची, इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिची आई कमलाबाई रोज पंचशील म्हणणारी. लेकीने बंदूक हातात घेतली तेव्हा दोघींचं चांगलंच वाजलं होतं. "दुकानातलं मटण काय आपोआप मरतं?" असं लेकीने विचारल्यावर कमलाबाईंनी हो म्हटलं, पण अट घालूनच. "जखमी जनावर तडफडत टाकून आलीस न, तर या घरात पाय ठेवू नको." लेक आणेल ते मांस त्या रांधून देत, स्वतः मात्र त्याला शिवत नसत.

गेल्या हिवाळ्यात यतिन आणि प्रतीक्षा गिप्सलँडच्या डोंगरात शिकारीला गेले होते, तेव्हा दुपार कलताना यतिनला दरीपलीकडे मोठा नर दिसला. त्याने बार काढला. सांबर एकदा दबलं आणि नेच्यांच्या दाटीत नाहीसं झालं. दोघं तिथे पोचले, तर रक्ताचा टिपूस नाही.

"मिस झाला. चल, अंधाराच्या आत गाडी गाठू," यतिन म्हणाला.

"लागलंय. धप्प आवाज आला, मी ऐकला."

"प्रतीक्षा, काहीच नाहीये इथे."

ती खाली बसून पाचोळा बघू लागली. आईची अट तिच्या मानेवर बसली होती हे खरं. पण आईने काही म्हटलं नसतं, तरी तिचा पाय तिथून निघाला नसता. पाचोळ्यात राठ, तपकिरी केस सापडले, कापल्यासारखे. पुढे मातीत खूर खोल रुतलेले आणि फाकलेले होते. एका पुढच्या पायाची तर नुसती ओढ उमटली होती.

"खांद्यात लागलंय. हे चढणार नाही, खाली पाण्याकडे जाणार," ती म्हणाली आणि उतारावरून निघाली. यतिन कुरकुरत मागे. दगडांवर माग तुटला. तिने शेवटच्या खुणेवर आपली टोपी ठेवली, यतिनला तिथेच उभं केलं आणि भोवती फेर धरला. एकदा धरला, काही नाही. जरा मोठा धरला, तेव्हा नेच्याच्या देठावर, तिच्या छातीच्या उंचीला, रक्ताचा एक ओला पुसट फराटा दिसला. तिने यतिनला हाताने खुणावलं आणि त्या दिशेने निघाली.

सांबर ओढ्यात उभं होतं, एक पाय उचलून, थकलेलं. प्रतीक्षाने झाडाला टेकून नेम धरला. ती दचकली नाही. एकच बार झाला आणि जनावर पाण्याच्या कडेला आडवं झालं.

मांस सोडवताना यतिनची गोळी मिळाली, खांद्याच्या हाडावर फुटून चुरा झालेली. प्रतीक्षाची आरपार गेली होती. यतिनने तो चुरा तळहातावर घेतला. "तू नसतीस तर मी निघून गेलो असतो," तो म्हणाला, आणि सगळ्यात जड ओझं त्यानेच पाठीवर घेतलं. वर्ष सरायच्या आत ग्रुपातल्या प्रत्येकाने थ्री-ओ-एट घेतली हे सांगायला नकोच.

त्या शिकारीहून परतले, तेव्हा घरी कमलाबाई दारातच उभ्या होत्या. "टाकून नाही न आलीस?"

"नाही, आई. शोधून काढलं."

त्यांनी यतिनकडे पाहिलं. त्याने होकाराची मान डोलावली. त्या आत गेल्या आणि सावजी मसाला वाटायला घेतला. रस्सा झाल्यावर लेकीला वाढलं, यतिनला वाढलं, आणि मग पहिल्यांदाच स्वतःच्याही ताटात तो रस्सा वाढून घेऊन लेकीशेजारी जेवायला बसल्या.