कांद्याच्या ढिगाशी एक कादंबरी

माझा उजवा हात मोडला तो नेमका कांदा काटणीच्या तोंडावर. गाईनं पाडलं असतं तर निदान गाईला शिव्या घालता आल्या असत्या. मी मात्र गोठ्यात मीच सांडलेल्या पाण्यावरून घसरले, त्यामुळे बोलायचं कुणाला? मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

न्हावऱ्याच्या बाहेर आमची सहा घरांची वस्ती आहे. कांदा उपटून झाला की त्याची पात विळ्यानं कापायची, बोटभर देठ ठेवून. त्याला आम्ही काटणी म्हणतो. मजूर मिळत नाहीत, म्हणून सहा घरच्या बायका सावड करतात. आज सगळ्या तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या. आपल्या रानात राबून गेलेल्या बाईच्या रानात आपण गेलो नाही, तर वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी डावा हात घेऊन पहिल्या दिवशी ढिगाशी जाऊन बसले आणि दोन कांदे धड कापता येईनात म्हणून रडायला लागले. कांद्याच्या ढिगाशी रडणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, तेवढं बरं असतं.

बघितलं ते माझ्या चुलत सासूनं. सगळी वस्ती तिला नानी म्हणते आणि तिच्या शब्दाबाहेर जात नाही.

"रडतीस कशाला?" ती म्हणाली. "तुला त्या राजा-रानीच्या पुस्तकांचं खूळ हाय न्हवं? घिऊन ये एक. तू वाच, तुझ्या वाटचं आम्ही काटू. ह्यो बी सावडीचाच दिस धरू."

ज्या वाचनापायी मला उभी वस्ती रिकामटेकडी म्हणायची, तेच वाचन असं एका वाक्यात कामाच्या रांगेत येऊन बसलं. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी घराकडे अक्षरशः पळत गेले, प्लास्टर सांभाळत.

खूळ तर आहेच. शाळेत असल्यापासून मी ऐतिहासिक प्रेमकथा वाचत आले आहे. त्यातले दोष मला कुणी सांगायला नको. एकाही नायिकेला मी आजवर शेण काढताना पाहिलेलं नाही. घोड्याच्या रंगावर अर्धं पान जातं आणि नायिकेच्या जेवणावर एक ओळ नाही. तरी गवाक्षात उभी राहिलेली ती, खालून वर बघणारा तो, आणि मधे सगळं राज्य, हे आलं की माझी चुलीवरची भाकरी करपते ती करपतेच.

पुस्तकं आणायची माझी धाकटी जाऊ. आठवड्याला ती सरकी-पेंड आणायला एसटीनं शिरूरला जायची, तेव्हा वाचनालयातून माझं पुस्तक बदलून आणायची. स्वतः कधी वाचायची नाही. "काय तेच ते, अक्का," असं म्हणून हसायची. कधीकधी रिकाम्या हातानं यायची, "आज मिळालं न्हाई" म्हणायची, आणि मी त्या ग्रंथपालाच्या नावानं बोटं मोडायची.

माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, ह्या सगळ्याच्या चार वर्षं आधी गेला. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि तो मोटरसायकलवर होता. तिला मूलबाळ नाही, आईवडील आधीच गेलेले, भाऊ चाकणला एका खोलीत. ती आमच्यातच राहिली. सासूबाईंची सकाळ तिच्या हाकेनं उजाडायची.

त्या वर्षी काटणीच्या आधी, माघात, तिला स्थळ आलं. दौंडला रेल्वेत असलेला, बायको वारलेला, पाच वर्षांची मुलगी असलेला माणूस. मामाला घेऊन तो स्वतः घरी आला, चहा घेतला, थोडकंच आणि नीट बोलला. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात इधवेचा पाट लावत न्हाईत." आमचे हे म्हणाले, "आईचं आई बघंल." आणि मी, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, मुकाट्यानं कप उचलून मोरीत ठेवले. ते कप मी अजून विसरलेले नाही.

दोन दिवसांनी धार काढता काढता जाऊ मला म्हणाली, "अक्का, दौंडला न्हावऱ्यातनं सरळ गाडी हाय का, का चौफुल्याला बदलावी लागती?" आठ वर्षं ह्या गावात काढलेल्या बाईला हे माहीत नसेल असं नाही. तिच्या मनात काय आहे ते मला तिथंच कळलं. तरीही मी गप्पच राहिले.

तर काटणीत मी वाचायला घेतली ती जाऊनंच आणलेली कादंबरी. मला एका हातानं पुस्तक धरता येई, पण पान उलटता येत नसे. म्हणून जाऊ माझ्या शेजारी बसे आणि पान संपलं की मी मान हलवायची, तिनं विळा खाली ठेवून उलटायचं. त्या पुस्तकाला आजही कांद्याचा वास येत असणार.

गोष्ट अशी. एका गडाच्या किल्लेदाराची तरुण सून. नवरा लढाईत पडलेला. गडावर खलिते घेऊन येणारा एक स्वार, आणि त्या दोघांचं एकमेकांत गुंतत जाणं. गडावर हुकूम चालतो तो तिच्या सासूचा, किल्लेदारणीचा. आमच्या बायकांनी पहिल्या दिवसापासून त्या लेखकाला सळो की पळो केलं. स्वार गड चढून आला की नानी विचारायची, "घोड्याला पानी कुनी दावलं?" तो तिच्याकडे बघत तासभर उभा राहिला की, "त्याला काय कामधंदा न्हाई व्हय?" पण तिनं पहिल्यांदा त्याला भाकरी वाढली त्या दिवशी सगळे विळे थांबले होते. दुपारच्या जेवणाला उठायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी शेवट आधी वाचत नाही, हा माझा नेम. पण हात ठणकत होता, झोप लागेना, म्हणून एका रात्री पुस्तक मांडीवर ठेवून पुढचं वाचून काढलं. शेवट असा होता: पहाटे गडाचा दरवाजा उघडतो, खाली तो दोन घोडे घेऊन उभा आहे. ती उंबऱ्यापर्यंत येते, मागे वळून गडाकडे बघते, आणि परत फिरते. घराण्याच्या अब्रूसाठी. पुढं ती एक बारव, दगडी पायऱ्यांची विहीर, बांधते, आणि लेखकानं शेवटच्या चार ओळींत तिची देवी करून टाकलेली. मी पुस्तक भिंतीवर फेकलं. बाईला जगू द्यायचं नसलं की तिची देवी करतात, हे मी ह्या पुस्तकांत शंभरदा वाचलं होतं आणि शंभरदा डोळे पुसून पुढचं पुस्तक मागवलं होतं. ह्या वेळी डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच होता.

शेवटचा दिवस आमच्याच रानातला. म्हणजे त्या दिवशी सासूबाईही विळा घेऊन लिंबाखाली बसलेल्या. लिहा-वाचायला त्यांना येत नाही. गोष्ट मात्र त्यांना रोज संध्याकाळी माझ्याकडून समजत होती. मी वाचायला घेतलं. दरवाजा उघडला. ती उंबऱ्यापर्यंत आली. तिनं मागे वळून बघितलं.

आणि मी थाप मारली. पुस्तक नाकासमोर धरून, डोळे ओळींवर फिरवत म्हणाले, "मग तिनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, आणि ती पायऱ्या उतरू लागली." घरात तोंड उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून गडावर जाऊन उघडलं. त्यानं तिला घोड्यावर चढायला हात दिला, ऊन वर आलं, नदी लागली. जे सुचेल ते मी सांगत गेले. सांगण्याच्या भरात मान हलवायची राहून गेली. पण जाऊनं आपणहून विळा ठेवला आणि पान उलटलं. थोड्या वेळानं पुन्हा उलटलं. मला वाटलं, बिचारीला काही कळलेलं नाही, सवयीनं उलटतेय.

"बेस झालं," नानी म्हणाली. "जितं मानूस गडाच्या दगडांत कशाला गाडायचं?"

मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आन् म्हातारीचं काय झालं?"

"कुठली म्हातारी?"

"किल्लेदारीन. ल्योक गेला, सून बी गेली. तिचं काय लिवलंय?"

इतके दिवस मी त्यांना पाट आणि अब्रू ह्यांच्या नावानं मनातल्या मनात बोल लावत होते. आणि त्यांना भीती होती ती भलत्याच गोष्टीची. सकाळी हाक कोण मारणार, एवढंच. मला एक ओळ सुचेना.

तेव्हा जाऊनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. पदराला बोटं पुसली, आणि वाचायला लागली. सावकाश, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता.

"किल्लेदारणीला लेक नव्हती. पुढं दर पंचमीला ती सून लेकीसारखी गडावर माहेराला आली. किल्लेदारणीनं तिच्यासाठी झाडाला झोका बांधला. ती आल्याबिगर म्हातारीनं कधी पंचमी केली न्हाई."

मी त्या पानाकडे बघितलं. त्या पानावर बारव होती. पायऱ्या, दगड, पाणी आणि देवी. दुसरं काही नव्हतं.

"लिवलंय तसं?" सासूबाईंनी विचारलं.

"लिवलंय, आत्या," जाऊ म्हणाली.

सासूबाई परत पात कापायला लागल्या.

विळे धुताना मी तिला हौदापाशी गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"दोनदा वाचलंय अक्का मी ते," ती खाली बघून म्हणाली. "सगळीच वाचलीत. पुस्तक मिळालं न्हाई म्हनायची, तवा ते माझ्या उशाखाली असायचं. तुमी शेवट बदलाय लागला, तवा मला वाटलं... घरात एक तरी मानूस माझ्याकडनं हाय." मग हसून म्हणाली, "पान उलटायचं इसरला व्हता तुमी. आत्यांच्या ध्यानात आलं असतं."

मी तिला एका हातानं जवळ घेतलं आणि आम्ही दोघी रडलो. ह्या वेळी जवळपास एकही कांदा नव्हता.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी चहाचा कप हातात धरून मला विचारलं, "तुला काय वाटतं, दौंडाचं?" ह्या वेळी मी मोरीकडे गेले नाही. समोर बसले आणि म्हणाले, "आत्या, तिची जायची इच्छा हाय, आन् माझी तिला पाठवायची. ती तुम्हाला इसरनारी न्हाई." सकाळी आमच्या ह्यांना एवढंच म्हणाल्या, "त्या रेल्वेवाल्यांस्नी फोन लाव."

लग्न वैशाखात, दौंडला, चार माणसांत झालं. ग्रंथपालाला मी पुस्तक परत दिलं तेव्हा त्यानं ते उघडून नाकाशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चांगलं आहे, शेवट सोडून.

पंचमीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी ह्यांच्याकडून लिंबाला दोर बांधून घेतला. स्वतः दोनदा ओढून बघितला. दुसऱ्या दिवशी गाडी यायच्या तासभर आधी त्या मला घेऊन न्हावऱ्याच्या थांब्यावर जाऊन बसल्या. गाडी आली. आधी एक छोटी मुलगी उतरली, हातात चप्पल घेऊन, आणि तिच्या मागून पिशव्या सांभाळत जाऊ.

सासूबाईंनी माझा बरा झालेला हात घट्ट धरला.

"आली बघ," त्या म्हणाल्या. "लिवल्यापरमानं आली."