डाव्या कानाने ऐकलेली तुती

त्यांना सगळे टकटककाका म्हणत. कुठे नवी इमारत उभी राहायची असली की आधी त्या जागेतली झाडं बघायला हे जायचे. कुठलं झाड राखायचं, कुठलं काढायचं, राखायचं तर त्याच्या मुळांपासून पाया किती लांब खणायचा, हे ते लिहून देत, आणि मग परवानगीचं घोडं पुढे सरकत असे. बुंध्याला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, मुळं साधारण कुठवर गेली असतील तिथे जमिनीवर चुन्याचं रिंगण आखायचं, आणि शेवटी लाकडी मोगरीने टकटक करून कान लावायचा. आत लाकूड भरीव असलं तर आवाज खणखणीत येतो, पोकळ असलं तर ढब्ब. मोगरी उजव्या हातात, म्हणून डावा कान बुंध्याला. सारा जन्म असाच गेला. ठोकण्याआधी मात्र ते झाडाला हळूच थोपटत. “सुई टोचताना डॉक्टर गप्पा मारतात ना, तसं,” म्हणायचे.

त्या दिवशी काम निघालं बाळंतपणाच्या दवाखान्यात. दवाखाना वाढवायचा होता. मागच्या अंगणात एक जुनी तुती, आणि नकाशात नेमका तिच्याच जागी नवा जिना. आत बायकोला कळा सुरू झाल्या की नवरे याच तुतीखाली येरझाऱ्या घालत. चालून चालून तिथली माती पाटीसारखी गुळगुळीत झाली होती.

“काका, हिला काही करू नका हं,” दवाखान्यातल्या आयाबाई म्हणाल्या. “आत बायकांना आम्ही धीर देतो, बाहेर पुरुषांना ही देते. आणि खरं सांगू? पुरुषच जास्त घाबरतात.”

“मी कोण करणारा? ती सांगेल तसं लिहायचं,” काका हसून म्हणाले.

त्यांनी तुतीला थोपटलं, कान लावला. ढब्ब. दुसऱ्या अंगाने ठोकलं. तिथेही ढब्ब. पानं हिरवीगार, शेंड्याला नवी पालवी, आणि आतून हे असं! पण कानाने सांगितलेलं डोळ्यांनी खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा बाणा. ‘आतून पोकळ, पडण्याचा धोका, काढावं,’ असं त्यांनी लिहून दिलं. आयाबाई तुतीपाशी जाऊन तिच्या बुंध्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि आतून हाक आली तशा निघून गेल्या.

नकाशा काढणारी आर्किटेक्ट मुलगी मात्र सुटल्यासारखी झाली. “बरं झालं काका, नाहीतर सगळा जिना हलवावा लागला असता. उद्याच देते कागद परवानगीला.”

संध्याकाळी काका भांडी घासत होते. लेकीचा फोन आला. यांचे हात साबणाने भरलेले, म्हणून काकूंनीच फोन कानाशी धरला. काकू उभ्या होत्या डावीकडे.

“अगं, हिला सर्दी झाली वाटतं. आवाज किती बसलाय!”

“सर्दी कुठली? मघाशी माझ्याशी तर चिवचिवत होती.” काकूंनी फोन उजव्या कानाला लावला. लगेच तो बारीक, टोकदार आवाज लख्ख ऐकू आला. “बाबा, ऐकताय ना?”

काकांच्या हातातलं ताट निसटलं.

लेकीशी चार शब्द कसेबसे बोलून त्यांनी फोन ठेवायला सांगितला. “डावा कान गेला गं माझा. त्यात सगळंच ढब्ब येतंय.”

“हे आज कळलं? त्या बाजूला असले की मी केव्हापासून ओरडून बोलते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही कानाडोळा करताय. बायकोचं न ऐकणाऱ्या नवऱ्याला डॉक्टर काय औषध देणार?”

एरवी ते हसले असते. पण डोळ्यांपुढून तुती हलेना. आणि तिच्यामागे आणखीही झाडं उभी राहिली. अलीकडे किती तरी पोकळ निघाली होती! तेव्हा त्यांनी दोष दिला होता हवेला.

“किती गेली असतील गं माझ्या कानापायी?”

काकूंनी भिंतीवरच्या देवाकडे पाहिलं. “जी गेली त्यांची क्षमा त्याच्याजवळ मागा. जी उभी आहेत त्यांच्याकडे सकाळी जाऊ.”

“जाऊ?”

“मीही येते. तो डावा कान एकटा नको हिंडायला.”

सकाळी दवाखान्याचं फाटक उघडायला आणि दोघं पोचायला एकच गाठ पडली. काकांनी उजवा कान बुंध्याला लावून मोगरी डाव्या हातात घेतली. सवय नव्हती. पहिलाच ठोका चुकला आणि बोटं खरचटली.

“आणा इकडे. मी ठोकते, तुम्ही ऐका,” काकू म्हणाल्या.

“भिंतीत खिळा ठोकतेस तशी नको.”

“खिळे तुम्ही कधी ठोकलेत? म्हणून मलाच ठोकावे लागतात.”

काकूंनी ठोकलं. काकांनी बोटाने दुसरी बाजू दाखवली. काकूंनी दुसऱ्या बाजूने ठोकलं, मग तिसऱ्या. काका गाल बुंध्याला टेकून तसेच उभे.

“अहो, काय म्हणते ती?”

“लेकीसारखी बोलतेय गं,” काका म्हणाले. “खणखणीत.”

आयाबाई दारात येऊन बघत होत्या. त्यांनी तिथूनच हात जोडले.

काकांनी लगेच आर्किटेक्ट मुलीला फोन लावला, उजव्या कानाला. “बाळ, तो कागद देऊ नकोस. तुती भरीव आहे. चूक माझी. मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही.”

“काका, असं उघड बोललात तर तुम्हाला काम कोण देईल?”

“नाही दिलं तर नाही. आणि नुसतं माझ्या शब्दावरही जाऊ नकोस, दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. पण तोवर तिला हात लावायचा नाही.”

“मग जिना कुठे नेऊ मी?”

“रिंगणाबाहेर, कुठेही.”

“तुमचं आपलं सोपं असतं काका,” ती वैतागून म्हणाली. मग तिने सुस्कारा सोडला. “असू दे. सरकवते.”

काकांनी तुतीभोवतीचं चुन्याचं रिंगण पुन्हा ठळक केलं आणि दोघं अलीकडे पोकळ ठरवलेल्या पुढच्या झाडाकडे निघाली. तिथे झाड नव्हतंच. नवी भिंत होती, प्लास्टरही वाळलेलं. काका तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. काकू जवळ गेल्या, आणि मुद्दाम उजवीकडून हळू आवाजात म्हणाल्या, “चला, त्याच्या पुढचं अजून उभं असेल.”