मांडवातला टीव्ही

मी सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत पाइप फिटिंगचा फोरमन आहे आणि माझा आवाज मोठा आहे. दिवसभर कामगारांवर यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला करून तो असा झाला, असं मी म्हणतो. आमची अम्मी म्हणते, तो पहिल्यापासूनच तसा होता, पगार सुरू झाल्यावर आणखी वाढला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, घर तिकडे गावात. रजा मंजूर होती, तिकीट काढलं होतं, आणि तेवढ्यात प्लांटचा शटडाऊन लवकर लागला. शटडाऊन म्हणजे अख्खा प्लांट बंद करून आतली दुरुस्ती करायची. त्या दिवसांत कुणाला रजा मिळत नाही. माझी मंजूर झालेली रजाही गेली. मी चडफडलो, दोघातिघांशी भांडलो, काही उपयोग झाला नाही.

अब्बा काही वर्षांपूर्वी गेले. आमच्यात मुलीचा निकाह तिच्या बापानं लावून द्यायचा असतो, बाप नसेल तर भावानं. आम्ही दोघे भाऊ. मी मोठा, इकडे. धाकटा गावात, स्वतःची रिक्षा चालवतो, अम्मीचं दुखणंखुपणं, बहिणीची ये-जा, घराची डागडुजी, सगळं तोच बघतो. हक्क दोघांचा सारखाच. इमामसाहेबांनी साधं सांगितलं होतं, की तुम्ही इथं नाही आहात तर धाकट्याला करू द्या, काही अडत नाही.

"धाकट्यानं?" मी म्हणालो. "ज्याला आंब्याची पेटी धड बांधता येत नाही, त्यानं?"

हे मी फोनवर बोललो, तिकडे स्पीकर चालू होता आणि सगळे बसलेले होते. धाकटाही होता. तो हसला असावा. तो नेहमी हसून सोडून देतो.

मी ठरवलं की निकाह मीच लावणार, व्हिडिओ कॉलवर. त्यासाठी धाकट्याला मोठा टीव्ही घ्यायला लावला आणि सांगितलं, हा मांडवात मधोमध लाव, माझा चेहरा शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसला पाहिजे. या घरात कर्ता कोण आहे ते पाहुण्यांना कळू दे! खरं सांगायचं तर हे वाक्य मी जसंच्या तसं बोललो होतो.

दिवसही माझ्या सोयीनं शुक्रवारचा धरला, कारण शटडाऊनमध्येही शुक्रवारी थोडी मोकळीक मिळायची. नवऱ्यामुलाकडच्या लोकांना रविवार हवा होता, अर्धी माणसं मुंबईहून यायची होती. मी ऐकलं नाही. त्यांना निकाह दुपारी हवा होता, तर माझी जुम्म्याची नमाज आटोपायला हवी म्हणून मी तो तिकडच्या असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर ढकलला. सगळे "बरं भाई, बरं भाई" म्हणत गेले. मला वाटलं, काय मान आहे आपल्याला!

त्या दिवशी नमाजेहून आलो, नवा कुर्ता घातला, अत्तर लावलं, कामगारांच्या कॅम्पातल्या माझ्या खोलीत भिंतीवर स्वच्छ चादर लावली आणि फोन खजुराच्या डब्याला टेकवून ठेवला. कॉल लावला. चक्र फिरत राहिलं. फोन बंद करून चालू केला. वर बघतो तर सिग्नलच नाही. गच्चीवर गेलो, तर तिथं निम्मा कॅम्प हात वर करून उभा. कुणी म्हणे समुद्राखालची केबल तुटली, कुणी म्हणे टॉवर गेला. ज्याला काही कळत नव्हतं तो सगळ्यात जास्त सांगत होता.

माझा खोलीतला जोडीदार रायगडकडचा, इलेक्ट्रिशियन. त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं. त्याचंही नेट गेलं होतं, पण साधा फोन लागत होता. त्यानं फोन माझ्यासमोर धरला.

"भाई, लावा घरी. धाकट्याला सांगा, तू लाव निकाह. खलास. एका मिनिटाचं काम."

"व्हिडिओ नको का?"

"निकाहाला व्हिडिओ कशाला लागतो? तुम्हाला लागतो."

माझं डोकंच फिरलं. त्याच्या हातातून फोन घेतला, घरी लावला. धाकट्यानं उचलला. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. तो काही बोलायच्या आत मी सुरू झालो, "इकडे नेट गेलंय. मी टीव्हीवर दिसल्याशिवाय निकाह लावायचा नाही. कुणीही नाही. समजलं?" तो म्हणाला, "भाई, नवऱ्याकडच्यांची बस..." मी म्हणालो, "बस गेली खड्ड्यात!" आणि फोन ठेवला.

जोडीदार आपला फोन घेऊन उठला. चहा करायला गेला आणि एकच कप करून आणला, स्वतःसाठी.

मी बसून राहिलो. तिकडची असर झाली असेल, दिवस मावळून मगरिब झाली असेल, असं मनात मोजत होतो आणि चिडत होतो. बहीण नटून बसली असेल, भुकेली असेल, हे डोक्यात आलंच नाही. डोक्यात होता तो रिकामा टीव्ही. लोक काय म्हणत असतील, एवढंच.

नेट आलं तेव्हा आमच्याकडे उन्हं कलली होती. कॉल एकदम लागला. धाकटा दिसला, घामाघूम. "भाई, तुमचीच वाट बघतोय," तो म्हणाला. मांडवात ट्यूबलाइट लागल्या होत्या. निम्म्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"खुर्च्या कुणी उचलायला सांगितल्या?" मी ओरडलो.

"पाहुणे थांबून थांबून गेले भाई. बस होती."

"आणि इमामसाहेब?"

"नमाजेला गेलेत. म्हणाले, साक्षीदार आहेत, मोठे भाई बोलतील, पुरे आहे."

कुठल्या इमामानं असं सांगितलं असतं? पण मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. नवरामुलगा टीव्हीसमोर येऊन बसला. सेहरा घाईघाईनं बांधलेला, एका बाजूला कललेला. मी घसा साफ केला आणि माझ्या त्या मोठ्या आवाजात म्हणालो, "ठरलेल्या मेहेरवर मी माझी बहीण तुमच्या निकाहात दिली." तो मान खाली घालून म्हणाला, "मी कबूल केली." अम्मीनं तोंडाला पदर लावला. बहीण रडत होती. मला वाटलं, माझ्या आठवणीनं रडतेय. मीही रडलो. मग कॅम्पभर खजूर वाटत फिरलो, ओळख नसलेल्यांनाही धरून धरून दिले.

खोलीत परत आलो तोवर दिवसभर अडकलेले मेसेज धडाधड यायला लागले होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर ओळीनं एकच वाक्य होतं, हा मेसेज डिलीट केला आहे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी म्हटलं, हे काय चाललंय? खाली सरकवत गेलो. कुवेतला असलेल्या एका चुलत बहिणीनं कुणाचा तरी फोटो उचलून, खाली मुबारकबाद लिहून पुन्हा टाकला होता. तो पुसायचा राहिला होता.

फोटोत मांडवात ऊन होतं. खुर्च्या भरलेल्या होत्या. मधोमध इमामसाहेब, त्यांच्या एका बाजूला नवरामुलगा, सेहरा नीट बांधलेला, आणि दुसऱ्या बाजूला धाकटा, नवऱ्यामुलाचा हात हातात घेऊन. धाकट्यानं अब्बांची शेरवानी घातली होती. किती रुबाबदार दिसत होता तो! टीव्ही कोपऱ्यात होता, त्यावर चादर टाकलेली.

म्हणजे निकाह ठरल्या वेळी, व्यवस्थित झाला होता. जेवणं झाली होती, पाहुणे वाटेला लागले होते. आणि मग घरच्यांनी रात्र पडल्यावर नव्या जावयाला पुन्हा सेहरा बांधून, माझ्यासमोर बसवून, माझी समजूत काढली होती. लहान पोर हट्ट करून बसलं की काढतात तशी. मी फोन उशीखाली टाकला, पण फोटो काही डोळ्यांसमोरून जाईना.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "भाई, तुम्ही किती छान बोललात काल."

मी म्हणालो, "मी फोटो बघितला."

मी विचारलं, "तुझ्या नवऱ्याला काय सांगितलंत? पुन्हा बसायला कसा तयार झाला तो?"

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, आमचे मोठे भाई मनानं फार चांगले आहेत, घरासाठी राबतात. फक्त त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं त्यांना सांगायचं नसतं. आम्ही कुणी सांगत नाही."

पंपाचं बटण कुठं आहे ते नव्या माणसाला दाखवावं, तितक्या साधेपणानं ती हे बोलली. मी ओरडणार होतो. आवाज निघाला तो भलताच बारीक.

"कधीपासून सांगत नाही?"

"जाऊ द्या ना भाई."

"सांग."

"अब्बांच्या शेवटच्या आजारपणापासून," ती म्हणाली. "त्यांना घरी यायचं होतं आणि तुम्ही ओरडला होतात, इस्पितळातून हलवायचं नाही म्हणून. आम्ही त्यांना घरी आणलं. तुम्ही रोज विचारायचात, डॉक्टर काय म्हणाले? मग आम्ही सांगायचो, बरे आहेत म्हणाले."

मी त्या वेळी रजेचा अर्ज लिहून ठेवला होता. अब्बा बरे आहेत म्हणून दिला नाही.