थोरलीची ओळ

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली गेली, पण धाकटीला काही बढती मिळाली नाही. कपडे दुरुस्तीच्या दुकानात दोघी बहिणी समोरासमोरच्या मशीनवर बसायच्या. एकीने पँटची कंबर उसवायची, दुसरीने आटवून टीप मारायची. गाणीही तशीच रचायच्या. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती पुरी करायची.

थोरलीला छातीच्या दुखण्याने नेलं. तिच्या मशीनवर आता तयार कपड्यांचे गठ्ठे असतात. धाकटी मात्र लहानमोठ्या कार्यक्रमांत गात राहिली, अगदी त्यांचं जोडीचं गाणंसुद्धा. त्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी धाकटी विचारते,

'दार कुणी लोटलं गं, वारा की पाऊल?'

आणि थोरली सांगते,

'पाऊल माझंच बाई, काढ ना कडी.'

थोरलीची ओळ आली की धाकटी गप्प बसे. बोटं तंबोरीच्या तारांवर चालू, तोंड मिटलेलं. ओळीपुरती जागा सोडायची आणि पुढचं कडवं धरायचं.

"लोकांना वाटतं, विसरलीस," नवरा म्हणायचा. "मागच्या वेळी एकाने धावत पाण्याचा पेला आणून दिला. गाऊन टाक की दोन्ही ओळी!"

"मी गायले तर ती कुठे गाईल?"

नवरा हसायचा. ती हसायची नाही. त्या रिकाम्या जागेत तिला थोरलीचा जाडसर, नेहमी जरा उशिरा येणारा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. घरी नाही, दुकानात नाही. फक्त तिथे, चार लोकांपुढे. त्यासाठीच ती गायला जायची.

त्या रविवारी दुपारी वाचनालयात कार्यक्रम होता. टेबलं भिंतीला सारलेली, आणि माणसं इतकी जवळ की पहिल्या रांगेने पाय आखडून घेतलेले. माईक नाही. आपापली गाणी रचून गाणारे तिघे खुर्च्यांवर बसलेले. एका बाजूला निवृत्त मास्तर मेंडोलिन घेऊन, मधे धाकटी, पलीकडे गिटार घेतलेली एक तरुण नर्स. पाळीपाळीने गायचं, दुसऱ्याच्या गाण्याला हळूच साथ द्यायची, आणि शेजारचा अडला तर त्याला उघडं पडू द्यायचं नाही. सुचेल ती ओळ जोडून त्याला पुढे न्यायचं, ही त्यांच्यातली रीत. मास्तरांना धाकटीची ती जागा ठाऊक होती. नर्स तिच्यासोबत पहिल्यांदाच बसली होती.

'दार कुणी लोटलं गं, वारा की पाऊल?' धाकटीने विचारलं आणि थांबली.

नर्सने वळून पाहिलं. ओठ मिटलेले, डोळे मिटलेले. बाई अडल्या, तिला वाटलं. आजाऱ्याला थोपटावं तशा मऊ आवाजात तिने ओळ जोडली,

'वाराच असेल बाई, नीज तू आता.'

चपखल बसली. खोलीतून "वा!" ऐकू आलं. धाकटीची बोटं थबकली. मास्तरांनी ताल सावरला आणि नर्सकडे बघून मान हलवली. नको.

"काय चुकलं?" ती कुजबुजली.

"बहिणीची जागा आहे ती. वारलेल्या," मास्तर वाजवता वाजवता पुटपुटले. पोरीचा चेहरा उतरला.

दुसऱ्या कडव्याला तिने ओठ घट्ट मिटून घेतले. धाकटीने जागा सोडली, कान दिला. तिथे आला तो त्या पोरीचाच आवाज. वाराच असेल बाई. नीज.

तिसरं कडवं शेवटचं. आता हरवली तर थोरली पुन्हा सापडायची नाही, हे धाकटीला कळलं. तिने स्वतःची ओळ गायलीच नाही. प्रश्नापुरती जागा सोडली आणि मग, जरा उशिराच, जाडसर आवाजात उत्तर दिलं,

'पाऊल माझंच बाई, काढ ना कडी.'

मास्तरांचा हात थांबला. थोरलीला त्यांनी कितीदा तरी ऐकलं होतं. ती अशीच गायची.

तेव्हापासून ते गाणं ती तसंच गाते, स्वतःचा प्रश्न गाळून, थोरलीचं उत्तर गाऊन. एकदा पँटची शिवण उसवत बसली होती, तेव्हा नवऱ्याने सहज विचारलं, "आता त्या रिकाम्या जागेत कोण ऐकू येतं तुला?"

"कुणी नाही."

"बहीण?"

"ती मीच आहे ना आता," ती म्हणाली. "तिथे धाकटी असायची."

एवढं बोलून तिने सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.