वासाची हजेरी

दारू पिण्याचं व्यसन लागलेली माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण दारू न पिण्याचं व्यसन लागलेला माणूस एकच पाहिला. ते आमच्या घरमालकांचे धाकटे भाऊ. बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा एकुलता एक मास्तर होतो आणि या भावांच्या घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली होती. आपला जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी नुकताच तेविसाव्या वर्षात. सारं गाव मोठ्या भावाला थोरले आणि लहान्याला धाकटे म्हणायचं, म्हणून मीही तसंच म्हणतो. त्या गावात आजही कोणी दारूचा विषय काढला की धाकट्यांचं नाव निघतं. माणूस सोन्यासारखा, सोडली म्हणजे सोडलीच, फक्त मध्ये एकदा पोळ्याच्या करीला घसरला, असं सांगतात. यातला शेवटचा भाग खोटा आहे. तो मी पसरवला.

धाकटे बारा वर्षं प्यायले आणि कोणतंही काम करावं तसे मन लावून प्यायले. लग्न झालं, बायको पहिल्या बाळंतपणासाठी उमरखेडकडे माहेरी गेली, मुलगी झाली. बारशाला धाकटे नवं धोतर नेसून, बाळंतविडा बांधून निघाले. वाटेत मोटर तीनदा बदलावी लागायची आणि प्रत्येक ठिकाणी त्यांची ओळख होती. ते पोचले तेव्हा पाळणा सजलेला होता. पाळण्याच्या दोरीला हात लावायच्या आत ते पाळण्याखाली झोपी गेले. बायकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्यांच्यावरूनच पाळणा हलवून सगळी गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्याने चहा दिला आणि सांगितलं, "जावईबापू, एक वरीस. एक वरीस न पेता राहा, मंग मी सोता पोरगी आनून सोडतो. पन ते तुमी नाई सांगाचं. तुमच्या गावच्या मास्तरनं कार्ड लिहाचं, दर महिन्याले. एक डाव चुकले का वरीस पुन्हा पयलेपासून. अन् तोवर इकडं तोंड दाखवू नोका." सासऱ्याचा मास्तर या जातीवर फार विश्वास होता. मला त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की धाकटे शाळेच्या पायरीवर येऊन उभे राहत आणि डोळे मिटून तोंड उघडत. "घ्या गुरुजी." मी पुढे वाकून वास घ्यायचा. पहिले आठ-दहा दिवस मला फार संकोच वाटला. पुढे सवय झाली आणि त्या घरात दुपारी अंबाडीची भाजी होती की वांग्याची, हे मला न विचारता कळू लागलं. नुसतं 'ठीक आहे' म्हटलेलं त्यांना चालत नसे. ते लिहिलं गेलं पाहिजे, आणि तेही सरकारी कागदावर. म्हणून हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मी त्यांचं नाव घातलं. एकदा डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि पानं उलटता उलटता त्या पानावर थांबले.

"हा विद्यार्थी कुठे आहे?"

"शेतात, साहेब."

"वय?"

"बत्तीस."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि शेरेबुकात लिहिलं, की एका विद्यार्थ्याची हजेरी संपूर्ण असून इतरांनी त्याचे अनुकरण करावे.

धाकट्यांनी मला एक नियम घालून दिला होता आणि तो ते दर आठवड्याला पुन्हा सांगत. "गुरुजी, मी काईबी सांगन, आयकू नोका. पेलेला मानूस खोटंच बोलते. मी बारा वर्स खोटंच बोललो. तुमचं नाक म्हनन ते खरं." मला हा नियम सोयीचा वाटला. माझ्या नाकाचा एवढा मान पूर्वी कोणी ठेवलेला नव्हता.

संध्याकाळी हात थरथरू लागले की ते अंबाडीचे दोर वळायला बसत. चार महिन्यांत गावाची दोरांची गरज भागली. मग ते पाहुण्यांना दोर देऊ लागले, लग्नाच्या आहेरात दोर देऊ लागले, आणि शेजारच्या एका म्हातारीला त्यांनी पाण्याचा दोर इतका लांब दिला की तो बादलीसकट विहिरीच्या तळाला बसून वर उरायचा. खोकल्याचं औषध त्यांनी वर्ज्य केलं, कारण बाटलीतून येतं. जास्त पिकलेलं केळं वर्ज्य केलं, कारण त्याचा भरवसा नाही. मोहाच्या झाडाखालून जाताना ते श्वास कोंडून धरत. शेताच्या वाटेवर नाल्याकाठी हातभट्टीची खोपडी होती. धाकटे आता तिच्याकडे मान वळवत नसत, पण बैलांना कोणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षांच्या शिरस्त्याने बैल खोपडीसमोर येऊन थांबत आणि मालक उतरण्याची वाट पाहत. आतून भट्टीवाला ओरडे, "या न धाकटे, जनावराले कळते तुमाले नाई कळत काय?" धाकटे खाली उतरून बैलांसमोर उभे राहत आणि त्यांना हळू आवाजात समजावत. त्यांची स्वतःची सवय सुटल्यावर बैलांची सुटायला आणखी दोन महिने लागले.

अकरा महिने असे गेले. अकरा कार्डं मी उमरखेडकडे पाठवली. दसऱ्याच्या सुमाराला वर्ष भरत होतं. धाकट्यांनी घराला चुना मारला, आणि मुलीसाठी काय आणावं ते न सुचून अंबाडीचा एक झोका वळून ठेवला. मध्ये फक्त पोळा होता.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. पोळा बैलांचा आणि कर माणसांची. त्या दिवशी आमच्या भागात मटण शिजतं आणि पीत नाही असा माणूस शोधावा लागतो. धाकटे सकाळीच माझ्याकडे शिदोरी आणि अंबाडीचा भारा घेऊन आले आणि म्हणाले, "मले शाळेत कोंडा. कुलूप लावा अन् चाबी तुमच्याजवळ ठेवा. सांजच्यापारी या." मी त्यांना कोंडलं, चावी खिशात टाकली आणि थोरल्यांच्या आग्रहावरून त्यांच्या आमराईत जेवायला गेलो. तिथे पाच-सहा मंडळी होती. थोरल्यांनी माझ्यापुढे पेला धरला. मी नको म्हणालो. एकजण म्हणाला, "राहू द्या न बाप्पा, गुरुजी लहान हायेत अजून." मी दीड पेला प्यालो. उरलेला अर्धा माझ्या सदऱ्यावर सांडला.

संध्याकाळी मी, थोरले आणि आणखी दोघे शाळेवर गेलो. मी कुलूप काढलं. धाकटे आत दोरांच्या ढिगामागे बसले होते. ते उठून पायरीवर आले, डोळे मिटले, तोंड उघडलं. मी वाकलो आणि मला दारूचा भपकारा आला.

"वास येतो," मी म्हणालो.

"म्या नाई घेतली गुरुजी."

"येतो."

"पुन्हा घ्या."

मी पुन्हा घेतला. "येतो."

शाळेच्या खिडकीला गज होते. गजांतून बाटली जाते की नाही, हे एकाने लगेच करून पाहिलं. बाटली गेली. ती जाऊ शकते हे सिद्ध झाल्यावर ती गेली होती का, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. थोरले झोकांड्या सावरत म्हणाले, "काहून रे, एक दिवस नाई राहवलं तुले? पोरीचं तोंड तरी पाहाचं होतं!" धाकट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग मांडा." सकाळपासून शाळेत कुलूपबंद बसलेल्या माणसापुढे मी गैरहजर असं मांडलं, आणि खोलीवर येऊन महिन्याचं कार्डही लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर खोलीत तोच भपकारा. धाकटे खोलीत नव्हते. खुंटीवर माझा सदरा होता.

मला तेव्हाच सगळं कळलं. आमच्याकडचं टपाल आठवड्यातून दोनदा जायचं. कार्ड दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. ते फाडायला काही कष्ट नव्हते. पण फाडलं असतं तर वास कोणाचा होता हे सांगावं लागलं असतं, आणि मी दर शनिवारी मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेत असे. नोकरी कायम व्हायची होती. तिसऱ्या दिवशी मी कार्ड पेटीत टाकलं. सासऱ्याचं उत्तर एका ओळीचं आलं. वर्ष पहिल्यापासून.

धाकटे दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शाळेच्या पायरीवर येऊ लागले. डोळे मिटत, तोंड उघडत, पण 'घ्या गुरुजी' म्हणेनासे झाले. मीही वास घ्यायचा आणि मुकाट्याने मांडायचं. मात्र गावात एक वेगळीच गोष्ट घडली. तोपर्यंत गावातले पिणारे धाकट्यांना टाळत असत, कारण अकरा महिने एक थेंब न घेणाऱ्या माणसाशी बोलायचं काय? ते आता त्यांच्याकडे येऊ लागले. एक लोहार होता, तो सहा वेळा सोडून सहा वेळा परतला होता. तो धाकट्यांच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "तूबी पडला न? मंग उठला कसा, ते सांग." धाकट्यांनी त्याच्या हातात अंबाडी दिली. पुढे आणखी एक आला. गावात पुन्हा दोर फार झाले.

पुढच्या वर्षी करीला शाळेत चौघे कोंडून घेतले गेले. धाकटे, लोहार, तो दुसरा आणि मी. चावी आम्ही थोरल्यांकडे दिली होती आणि ते आमराईत गेल्यावर ती त्यांच्या लक्षात राहण्याची शक्यता नव्हती. दुपारी लोहार आणि दुसरा तट्ट्यावर झोपले. मी वर्षभर घोकलेलं वाक्य बोलून टाकलं.

"गेल्या करीला वास तुमचा नव्हता. माझा होता."

धाकट्यांचा हात थांबला नाही. "हळू बोला गुरुजी," ते म्हणाले. "हे दोघं जागे होतीन."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बारा वर्स तोच वास घेतला न म्या. तुमी वाकले अन् समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो न. दोन डाव बोललो. पन नेम मीच लावून देल्ला होता." त्यांनी पीळ घट्ट केला. "राग आलता, गुरुजी. लय आलता. नाव झालंच हाय तं घेऊनच घ्यावं म्हनलं. दुसऱ्या दिवशी बंडी जुपून नाल्यावर गेलतो."

"मग?"

"मंग काय. बैल थांबले नाईत. बेटे सुधरले होते."

मी म्हणालो, मी आजच गावात सांगतो, सासऱ्यालाही लिहितो. त्यांनी झोपलेल्या लोहाराकडे बोट केलं. "मी पडलोच नसन तं हा माह्याजवळ कायले बसन? त्याले वाटते, हा पडला अन् उठला, मंग मीबी उठन. आता तो दिवस माह्या कामाचा हाय. मी जित्ता हावो तोवर बोलू नोका."

मी बोललो नाही. गप्प राहण्यात माझा काही तोटा नव्हता, हेही लिहून ठेवलं पाहिजे. त्यानंतर काही दिवसांनी सासरे स्वतः बायको-मुलीला आणून सोडून गेले. मुलीने बापाला पाहून भोकाड पसरलं आणि ती तीन दिवस त्यांच्याजवळ गेली नाही. माझी बदली झाली. मी कायम झालो, हेडमास्तर झालो, पेन्शनीत निघालो. अधूनमधून त्या गावी जाई तेव्हा धाकट्यांच्या ओट्यावर कोणी ना कोणी दोर वळत बसलेला दिसे, आणि धाकटे त्याला आपण करीला कसे पडलो ते रंगवून सांगत असत. माझ्याकडे न पाहता सांगत. दर वेळी त्यात एखादी नवी गोष्ट असे. एकदा तर खिडकीतून बाटली देणाऱ्याच्या हातात कडं होतं, असंही मी ऐकलं.

आता धाकटे नाहीत. मरेपर्यंत त्यांनी दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही. मध्ये एकदाही नाही. एवढंच सांगण्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

पण लिहिण्याआधी वहिनींना, म्हणजे धाकट्यांच्या बायकोला, सांगायला हवं होतं, म्हणून मागच्या महिन्यात गेलो. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, सदऱ्याचं, कार्डाचं, दोन दिवसांचंही. त्या निवडत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या वर्सी दसरा झाला अन् आठच दिवसात पोरगी चालाले लागली होती, गुरुजी. आंगनातून माह्यापरेंत चार पावलं. त्यायनं नाई पायलं."

थोड्या वेळाने त्या चहा ठेवायला उठल्या. मी नको म्हणालो नाही.