रामहरीआबा आणि समुद्रातले बांगडे

लासुर्ण्याच्या रामहरीआबांनी कधी जनावर मोजलं नाही. मेंढरं होती तेव्हा संध्याकाळी एकेकाच्या तोंडाकडे बघत आणि कुठलं मागं राहिलं ते सांगत. मोजलं की दृष्ट लागते आणि कळप घटतो, ही त्यांच्या घरातली समजूत. जनगणनेच्या मास्तरांनी पोरं किती विचारलं, तर या गृहस्थांनी फक्त नावं सांगितली आणि बेरीज मास्तरांच्या गळ्यात घातली!

अशा माणसाची लेक सुकन्या बारामतीत मत्स्यखात्याचं काम घेतलेल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर चक्क समुद्रातले मासे मोजायला लागली. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचे दिवस. बंदराबंदरावर उतरलेल्या मासळीचे वर्षानुवर्षांचे आकडे ती भरायची. त्यावरून समुद्रात कुठला मासा किती उरला, कोण कुणाला खातं, पुढं काय होईल, याचा अंदाज बांधला जायचा. कामात तिचा जीव रमला होता. आता तेच काम रत्नागिरीला कायमचं मिळत होतं, पण आबांच्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती आणि आबा हूं की चूं करत नव्हते.

शेवटी तिनं आबांनाच ऑफिसात आणलं. पडद्यावर बांगड्याची रेघ घसरत गेलेली दाखवली, तसे आबा ताडकन उठले.

"बघ! मोजलं म्हणून घटलं. पाप हाय ह्ये, पोरी."

"मोजल्यानं न्हाय, आबा. बारीक जाळ्यात पिल्लं बी धरत्यात, म्हणून. आता अंडी घालायच्या दिसांत जाळी बंद ठिवली तर बघा." तिनं आकडा बदलला. रेघ हळूहळू वर चढली.

"खरंच वाढलं व्हय?"

"अजून न्हाय. पण वाढतील. आधी घटत्यात ते कळाय तर पायजे."

आबा पुन्हा खुर्चीत बसले. गावात कालव्याचं पाणी पुढं सरकत गेलं, चराऊ रानं उसाखाली गेली, तशी त्यांनी मेंढरं विकली होती. यंदा थोडी, पुढच्या साली थोडी. दर वेळी जिवाला लागायचं, पण अजून पुष्कळ आहेत असंच वाटायचं. मग एका बाजारानंतर घरी आले, तर दारात एकही उरलं नव्हतं.

"आमी कधी मोजली न्हाईत," ते म्हणाले. "तरी गेलीच की समदी. संपल्यावर कळलं मला. तू जा."