चिठ्ठीसरांची चाळीस वाक्यं

"परत म्हणा. जसं म्हणालात, तसंच म्हणा." आमचे चिठ्ठीसर कुणालाही असं मध्येच अडवायचे, मग ते प्राचार्य असोत की भाजीवाली. खिशातून चिठ्ठी काढून ते वाक्य टिपून घ्यायचे. भाजीवाली वैतागायची, "घेनार न्हाय वांगी तुमी, मग बोलायला कशाला लावताय मला?" की निघाली दुसरी चिठ्ठी.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे आणि मी ऑफिसात टायपिस्ट. सत्तरीचं दशक ते. कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण सरांना ध्यास एकच: त्याला आपलं मराठी कळलं पाहिजे, आणि तेही झटपट. इंग्रजीत शब्द आपापल्या जागी बसतात, आपले मोकाट. 'दिली का चादर मालकानं तुला' म्हटलं तरी माणसाला बरोबर कळतं. सरांनी आधी टपालानं प्रोग्रॅम पाठवून पुण्याच्या एका संस्थेतल्या कॉम्प्युटरला शब्दांची प्रत्येक उलटापालट तपासायला लावली होती. सहा शब्दांच्या वाक्यालाच सातशेवीस तऱ्हा. ठरवून दिलेला वेळ पहिल्या काही वाक्यांतच संपला.

मग त्यांनी दुसरी रीत बसवली. भर दुपारी माझ्या टेबलाशी उभे राहून सांगायचे, "बाई, आधी क्रियापद पकडायचं. त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुला कोण हवं, काय हवं, कुणाला हवं? बाकीचे शब्द बसेनात का कुठंही, 'नं', 'ला' अशा शेपटावरून ओळखायचे. एका फेरीत काम!" मी हूं हूं करायची आणि टाइप करत राहायची. मला काय कळतंय डोंबल! खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हते.

ते निवृत्त व्हायच्या वर्षी पुण्याच्या त्याच संस्थेनं त्यांना कॉम्प्युटरवर शेवटची दहा मिनिटं दिली. प्रोग्रॅम आणि चिठ्ठ्यांतली चाळीस वाक्यं इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवायची, तिकडे त्याची कॉम्प्युटरला वाचता येणारी भोकांची कार्डं व्हायची. सर तापानं फणफणलेले. घरूनच निरोप आला, "बाई, तपासायला मी नाही. तुमच्यावर सोडतो."

आता माझी एक खोड सांगते. प्राध्यापकांचे अर्ज माझ्या हाताखालून जायचे, तेव्हा त्यांचं वेडंवाकडं मराठी मी गुपचूप सरळ करायची. त्याबद्दल शाबासकीही मिळायची. सरांची वाक्यं पाहून मला कीव आली. 'आलं का पानी नळाला तुमच्या?' हे काय वाक्य झालं? मी 'तुमच्या नळाला पाणी आलं का?' केलं. चाळीसच्या चाळीस नीट केली आणि पोस्टात टाकली.

निकाल आला तेव्हा सर पेढे घेऊनच ऑफिसात आले. चार मिनिटांत चाळीसही बरोबर! मला पेढा दिला, कागद उलगडला, वाचता वाचता थांबले.

"बाई, ही वाक्यं?"

"मीच सरळ केली, सर. फार उलटीसुलटी होती."

ते खुर्चीत बसले. "सरळ वाक्यं कुणालाही जमतात हो," एवढंच म्हणाले. मला तेव्हा समजलं मी काय करून ठेवलंय. पेढा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला पाठवायचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. आणखी एक पाळी द्यावी, अशी विनंती. खाली लिहिलं होतं, 'वाक्यं उतरवताना माझ्याकडून हयगय झाली.'

"सर, हे खोटं आहे."

"टाइप करा. तुम्हाला अजून वीस वर्षं इथं काढायचीत."

पाळी मिळाली नाही. सर निवृत्त झाले, दोन वर्षांत गेलेही. उलट्यासुलट्या वाक्यांवर त्यांची रीत चालली असती की नाही, ते कुणालाच कळलं नाही. लोकांचं लिहिलेलं सरळ करण्यात माझा जन्म गेला. त्या पत्रातल्या एका ओळीत मात्र 'माझ्याकडून' खोडून माझं नाव घालायला हवं होतं. नाही घातलं. नोकरीला भ्याले.